शाहीर अमर शेख : बार्शीच्या गरीब घरातून उठलेला पहाडी आवाज



आपल्या सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्राला काय दिलं, असं कुणी विचारलं तर आपण पटापट बोटं मोजतो. सोलापुरी चादर, मंगळवेढ्याची ज्वारी, पंढरीचा विठोबा, चार हुतात्मे. या यादीत आणखी एक नाव हक्काने यायला हवं. ते नाव म्हणजे बार्शीचे शाहीर अमर शेख.

पुण्यात त्यांच्या नावाचा एक मोठा चौक आहे. रोज हजारो गाड्या तिथून जातात. पण हे अमर शेख कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. म्हणून आजच्या पाठात आपण त्यांची ओळख करून घेऊ. त्यांनी काय काय केलं याची यादी तर पाहूच. पण त्याबरोबर एक प्रश्न डोक्यात ठेवून वाचा : ज्या माणसाचं लहानपण इतकं ओढगस्तीत गेलं, त्याच्या गाण्यात एवढं बळ आलं कुठून?

जन्म आणि गाव

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. आईचं नाव मुनेरबी.

आडनाव पटेल असलं तरी घरात पाटीलकीचा थाट नव्हता. हातावरचं पोट होतं. त्यात आपला जिल्हा कायमचा कमी पावसाचा. पाऊस गेला की शेतं ओस पडतात, हाताला काम राहत नाही आणि सगळ्यात आधी चूल विझते ती मजुराच्या घरची. हे आजही आपल्याला ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी काय अवस्था असेल, याचा विचार करा.

पण बार्शी हे आडबाजूचं खेडं नव्हतं, हेही लक्षात घ्या. बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेली ही मोठी बाजारपेठ. त्या काळी शेजारचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडून कापूस, भुईमूग, धान्य बार्शीच्या बाजारात यायचं. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली आणि माल कुर्डुवाडीमार्गे थेट मुंबईकडे जाऊ लागला. गावात कापड गिरण्या उभ्या राहिल्या. शेतकरी, हमाल, व्यापारी, गिरणी कामगार, वारकरी, निरनिराळ्या जातिधर्मांची माणसं एकाच बाजारात वावरत होती. छोटा मेहबूब या गर्दीत वाढला. पुढे ज्या गर्दीसमोर तो गायला, ती गर्दी त्याला लहानपणापासून ओळखीची होती.

आईकडून मिळालेलं धन

मुनेरबींकडे पैसा नव्हता, पण लोकगीतांचा साठा होता. अमर शेखांना गाण्याचा वारसा मिळाला तो आईकडून. संगीताचा कुणी गुरू, घराणं, पेटी-तबल्याची तालीम यातलं काही त्या घरात नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जातं फक्त लग्नात हळद दळताना पाहिलं असेल. त्या काळी मात्र रोजची भाकरी जात्यावरच ठरायची. बाई पहाटे अंधारात उठायची, जात्याचा खुंटा धरायची आणि दळता दळता ओव्या म्हणायची. ओवी छोटी असते. तिची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते आणि शेवटी यमक जुळतं, म्हणून एकदा ऐकली तरी लक्षात राहते. तिच्यात माहेर येतं, भाऊ येतो, लेकरू येतं, पंढरीचा विठ्ठल येतो आणि न बोलता येणारं दुःखही येतं. आपल्या ग्रामीण भागात हिंदू बायांसारख्याच मुसलमान बायाही मराठीतून ओव्या म्हणत आल्या आहेत. ही परंपरा केवढी मोठी आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, यावरून अंदाज घ्या.

म्हणजे बघा, ज्या घरात पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती, त्या घरात हा ठेवा फुकट होता. मेहबूबने तो कानांनी उचलला. कष्ट करता करता गायचं, श्वासाला पुरेल एवढीच ओळ घ्यायची आणि शब्द असे निवडायचे की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते पाठ व्हावेत. शाहिरीचे हे पहिले धडे असे घरातूनच मिळाले.

मोटारीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार

पोटासाठी मेहबूबला लहान वयातच कामाला लागावं लागलं. काही काळ त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं. क्लीनर म्हणजे गाडी पुसणारा, पाणी घालणारा, हँडल मारणारा, सामान टपावर चढवणारा आणि गावांची नावं ओरडून प्रवासी गोळा करणारा पोरगा. धूळ खायची, ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या आणि आवाज मात्र खणखणीत ठेवायचा! या कामाने त्यांना गावोगावच्या माणसांची बोली ऐकवली असणार आणि आवाजाला उघड्यावर पोचायची सवय लावली असणार, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर ते गिरणीत लागले. गिरणीतलं काम म्हणजे यंत्रांचा कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत उडणारा कापसाचा तूस आणि भोंग्यावर चालणारं आयुष्य. शेजारच्याशी बोलायचं तरी मोठ्याने बोलावं लागतं. तिथे त्यांना एक नवी गोष्ट कळली. घरातली गरिबी ही एकट्या आपल्या नशिबाची गोष्ट नाही. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचीही तीच कथा आहे, मग तो कुठल्याही जातीचा असो.

चळवळीकडे ओढ

हा काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आलं. त्या वेळी मेहबूब चौदा वर्षांचा होता. एकाच दोरावर चार वेगवेगळ्या समाजांतली माणसं हसत चढली, ही बातमी जिल्ह्यात घराघरांत पोचली होती. १९३०-३२ च्या आंदोलनाकडे मेहबूबही ओढला गेला.

पुढे बार्शीत गिरणी कामगारांचा संप झाला. मेहबूबने त्या संपाचं नेतृत्व केलं. त्याबद्दल तुरुंगवास झाला आणि त्यांची रवानगी अहमदनगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात झाली. तिथे त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. त्यांच्या सहवासात मेहबूब साम्यवादी विचारांकडे वळले. जे आपण अंगावर भोगलं ते असं का घडतं, हे समजून घ्यायची एक रीत त्यांना तिथे मिळाली. ती रीत सगळ्यांना पटेलच असं नाही. पण त्यांच्या गाण्यातली चीड नुसती तक्रार राहिली नाही, तिला दिशा आली ती इथून.

मेहबूबचा झाला अमर

तुरुंगातून सुटल्यावर ते कोल्हापूरला गेले. कोल्हापूर म्हणजे तेव्हा मराठी चित्रपटांचं माहेरघर. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांना नोकरी मिळाली. इथेच त्यांचं नाव अमर शेख असं झालं. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना याच नावाने ओळखू लागला.

चित्रपटात राहिले असते तर त्यांची पोटापाण्याची सोय कदाचित बरी झाली असती. पण त्यांनी मुंबईतल्या कामगारवस्तीचा रस्ता धरला.

लाल बावटा कलापथक

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही लोकनाट्य चळवळ सुरू झाली आणि देशभरातले गायक, नट, लेखक लोकांमध्ये जाऊ लागले. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं.

हे त्रिकूट मोठं विलक्षण होतं. अण्णाभाऊ वाटेगावच्या मातंग समाजातले. शाळेत जेमतेम गेलेले आणि मुंबईत मिळेल ते काम करून जगलेले. अमर शेख बार्शीच्या मुस्लिम घरातले. कष्टांनी पोळलेली ही माणसं परळ-लालबागच्या चाळींतून गाऊ लागली, तेव्हा समोर बसलेला गिरणी कामगार चमकला. कारण त्याच्याच घरची गोष्ट त्याच्याच बोलीत आणि त्याच्याच गावाकडच्या चालीत कुणीतरी मांडत होतं.

त्यांनी जुन्या तमाशाचा साचा घेतला. ढोलकी, तुणतुणं, डफ, झांज ही वाद्यं तीच ठेवली, पण विषय बदलले. सावकार, काळाबाजार, दुष्काळ, संप, स्वातंत्र्य हे विषय वगात आणि पोवाड्यात आले. सत्तेवर असलेल्यांना हे फार काळ सोसवलं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पण गाणी थांबली नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राचा आवाज

मुंबईसह मराठी भाषिकांचं एक राज्य व्हावं म्हणून जे आंदोलन झालं, ते तुम्ही इतिहासात शिकला आहात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. या लढ्यात शंभरहून अधिक माणसांनी प्राण दिले. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे असे दिग्गज नेते सभा गाजवू लागले. पण या भाषणांआधी लोक जमवायचे कुणी? जमलेल्या लोकांमध्ये वीज भरायची कुणी? हे काम शाहिरांनी केलं आणि त्यात अमर शेखांचं नाव फार वर आहे.

हातात डफ, अंगात आवेश आणि पहाडी आवाज. मैदान कितीही मोठं असो, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्यांच्याच आवाजात महाराष्ट्रभर पोचली. गावाकडे बायको सोडून मुंबईला पोट भरायला आलेल्या कामगाराची ती विरहाची गोष्ट. मैना जशी गावाकडे राहिली, तसे बेळगाव, कारवार, निपाणी हे भाग राज्याबाहेर राहिले, असा तिचा दुहेरी अर्थ. भाषावार प्रांतरचना हा तसा कागदावरचा, समित्यांचा आणि अहवालांचा विषय. पण घर सोडून आलेल्या माणसाच्या दुःखाशी तो जोडला गेला आणि साध्या माणसाला तो आपला वाटला. हे दुःख अमर शेखांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेख आपल्या गाण्यांसह उतरले होते. १९६२ साली चीनने आक्रमण केलं, तेव्हा त्यांनी गावोगावी कार्यक्रम करून जवानांसाठी निधी गोळा केला. ज्या घरात स्वतःची चूल पेटायची भ्रांत होती, त्या घरातला मुलगा आता देशासाठी झोळी घेऊन फिरत होता.

लेखन आणि अभिनय

अमर शेख म्हणजे फक्त आवाज, असा समज करून घेऊ नका. ते कवीही होते. 'अमरगीत' (१९५१) हा गीतसंग्रह आणि 'कलश' (१९५८) व 'धरतीमाता' (१९६३) हे कवितासंग्रह त्यांच्या नावावर आहेत. 'पहिला बळी' (१९५१) हे नाटक त्यांनी लिहिलं. छत्रपती शिवाजी महाराजांपासून उधमसिंगांपर्यंत अनेकांवर त्यांनी पोवाडे रचले. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकं त्यांनी चालवली. एक मराठी, एक हिंदुस्थानी. दोन्ही भाषा त्यांच्या घरच्याच होत्या.

१९६१ सालच्या 'प्रपंच' या चित्रपटात त्यांनी खूप लेकरं असलेल्या गरीब कुंभाराची भूमिका केली. सुलोचनाबाई त्यात त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत होत्या. संसाराच्या ओझ्याखाली पिचत जाणारा तो कुंभार पाहताना जाणवतं, की या माणसाला उपाशी घराचा अभिनय वेगळा शिकावा लागला नसेल.

मग गरिबीनेच शाहीर घडवला का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. परीक्षेत आपण एक वाक्य नेहमी लिहितो : परिस्थितीने त्यांना घडवलं. हे वाक्य अर्धंच खरं आहे. नीट विचार करा. त्या काळात बार्शीत, सोलापुरात, परळमध्ये हजारो मुलं तितक्याच गरिबीत वाढत होती. त्यातली किती गाऊ शकली? बहुतेकांचा आवाज गरिबीने आतल्या आत दाबून टाकला. गरिबी माणसाला उपाशी ठेवते, शाळेतून काढते, लवकर म्हातारं करते. तिला गुरू म्हणून हार घालायचं कारण नाही.

अमर शेखांना तीन गोष्टींनी वाचवलं. पहिली म्हणजे आई. तिने कष्टातही गाणं सोडलं नाही आणि मुलाच्या हाती ते दिलं. दुसरी म्हणजे गिरणीतला संप आणि तुरुंगातली सोबत. त्यामुळे एकट्याचं दुःख सगळ्यांचं झालं आणि चिडीला वाट मिळाली. तिसरी म्हणजे अण्णाभाऊ आणि गवाणकरांसारखे साथीदार. एकाने लिहायचं, दुसऱ्याने गायचं, तिसऱ्याने साथ करायची. एवढ्या गोष्टी मिळाल्या म्हणून लहानपणीचे हाल गाण्याच्या कामी आले. नाहीतर ते नुसतेच हाल राहिले असते.

त्यांच्या गाण्याची घडण पाहिली तर हे सगळे धागे दिसतात. आईच्या लोकगीतांमुळे सोपे शब्द आणि पक्की लय आली. मोटारीवरच्या आणि गिरणीतल्या दिवसांनी उघड्या मैदानाला पुरणारा आवाज दिला. बार्शीच्या बाजाराने सगळ्या जातिधर्मांची माणसं आपली मानायची सवय लावली.

असं जगात इतरत्रही घडलं आहे. साधारण याच काळात अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातला वुडी गथ्री (१९१२-१९६७) हा गायक दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी घर सोडावं लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी गिटारवर गात फिरत होता. त्याचंही लहानपण हालात गेलं होतं आणि त्यानेही गावाकडच्या जुन्या चालींत नवे शब्द भरले. या दोन्ही माणसांनी आपल्या मातीतलं गाणं घेतलं आणि ते ज्यांचं होतं त्यांच्याच कामाला लावलं.

अखेर

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात अमर शेख यांचं निधन झालं. इंदापूर म्हणजे पुण्याहून आपल्या सोलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वय होतं अवघं बावन्न वर्षांचं. एकाच पावसाळ्यात महाराष्ट्राने शब्द देणारा आणि त्या शब्दांना आवाज देणारा असे दोन्ही शाहीर गमावले.

वारसा

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख अध्यासन आहे आणि लोककलांचा अभ्यास तिथे होतो. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री आहेत. आजही एखाद्या मोर्चात डफावर थाप पडते आणि पुढचा एक जण ओळ उचलून मागच्यांना ती झेलायला लावतो, तेव्हा ती रीत अमर शेख आणि त्यांच्या साथीदारांनीच पक्की केलेली असते.

तरीही एक खंत वाटते. लिहिलेलं पुस्तक कपाटात टिकतं. गाणाऱ्याचं मोठेपण मात्र त्याच्या आवाजात असतं आणि ज्यांनी तो आवाज मैदानात बसून ऐकला, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. ध्वनिमुद्रणातून जे उरलं ते त्या मैदानाच्या मानाने थोडंच. मुनेरबींसारख्या बायांच्या ओव्यांचं तर विचारायलाच नको. गिरण्या आल्या, पिठाच्या चक्क्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. बायांचे कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. पण त्यांच्याबरोबर ओव्या जायला नकोत.

तुमच्यासाठी उपक्रम

१. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. ओवी मराठीत असो, कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये की दखनीत, जशी ऐकू येईल तशी वहीत लिहून घ्या. शेजारी आजीचं नाव लिहायला विसरू नका.

२. आजी ती ओवी कुणाकडून शिकल्या, तेही विचारा. उत्तर बहुधा आई असंच येईल.

३. गरिबीमुळे माणूस मोठा होतो की गरिबी असूनही मोठा होतो? अमर शेख यांच्या चरित्राच्या आधारे दहा ओळींत तुमचं मत लिहा. दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा करा.

वहीत जमलेल्या ओव्या पुढच्या तासाला घेऊन या. आपण त्या वर्गात मोठ्याने म्हणू, अगदी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातील अशा.